एका पंख्याचं घर

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या नावावर विजेचं एकही युनिट नसतं. पुढे जो काही वापर वाढतो तो घरातल्या इतर माणसांमुळे वाढतो, असं माधवराव निसळ यांचं ठाम मत होतं. पुरावा म्हणून ते विजयाताईंकडे बोट दाखवत. विजयाताई म्हणजे त्यांची पत्नी. घरात इतर माणूस तेवढंच होतं.

माधवराव नगरच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. (शहराचं नाव कागदोपत्री बदललं आहे, बोलण्यात अजून नगरच आहे आणि उकाडा दोन्ही नावांनी सारखाच होतो.) सावेडीत, पाइपलाइन रोडच्या आत त्यांचं बैठं, नीटनेटकं घर. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली दहा-बारा माणसं होती. निवृत्तीनंतर हाताखाली कुणीच उरलं नाही. ही पोकळी भरून काढायला माणूस काहीतरी शोधतोच. कुणी अध्यात्माकडे वळतो, कुणी गुडघ्यांकडे. माधवरावांना एप्रिलचं वीजबिल सापडलं.

त्याच आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघात ऊर्जाबचतीवर व्याख्यान झालं. वक्त्याने सांगितलं की घरातली बरीच वीज केवळ सवयीमुळे वाया जाते. माधवरावांना ‘सवय’ हा शब्द फार आवडला, कारण त्यात नेमकं कुणाची ते सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी पहिला आदेश काढला. तोंडी होता, पण भाषा चाळीस वर्षांच्या मुरलेल्या कारकुनीची होती. फ्रीज उघडण्यापूर्वी उघडणाऱ्याने आपल्याला काय हवे आहे याचा विचार बाहेर उभे राहून पूर्ण करावा. टीव्हीचा लाल ठिपका हा दिवाच समजण्यात यावा. मिक्सरचा वापर पुढील आदेशापर्यंत तहकूब. गीझर, उन्हाळा असल्याने, निकाली. आणि घरात एका वेळी एकच पंखा चालेल; ज्यांना वारा हवा त्यांनी त्याखाली एकत्र बसावे, म्हणजे कुटुंबात एकोपाही वाढेल.

“आणि चटणी?” विजयाताईंनी विचारलं.

“खलबत्ता आहे ना? चटणीही होईल आणि हाताला व्यायामही. दोन्ही एकाच खर्चात.”

विजयाताईंनी माळ्यावरून खलबत्ता काढला. संसाराच्या अडतीस वर्षांत त्यांनी माधवरावांच्या बऱ्याच मोहिमा पाहिल्या होत्या. निसर्गोपचार झाला होता, संस्कृत संभाषण झालं होतं, गच्चीवरची मशरूमशेती झाली होती. सगळ्या आपोआप विझल्या. हीही विझेल असं त्यांनी धरलं. पण या मोहिमेत विझवणं हाच कार्यक्रम होता, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

बचत सुरू झाली आणि यशस्वीही झाली. हे प्रांजळपणे नोंदवलं पाहिजे. मीटर अंगणातल्या भिंतीवर होता. माधवराव सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. पूर्वी ते तुळशीपुढे उभे राहत. आकडा सरकला नाही की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे.

मग गॅसचाही नंबर लागला आणि गच्चीवर सोलर कुकर आला. त्यात भात उत्तम शिजतो, फक्त तो कधी शिजेल हे सूर्य ठरवतो. त्यामुळे निसळांकडे दुपारचं जेवण कधी दुपारी, कधी तिसऱ्या प्रहरी होऊ लागलं आणि ढग आले की दडपे पोहे, कारण फोडणी वगळली तर त्यांना विस्तव लागत नाही. पुढे फ्रीज पूर्ण बंद झाला. दूध नासायला लागलं. माधवराव त्याला नैसर्गिक पनीर म्हणत. संध्याकाळी दिवेलागणीला एक दिवा लागे, तो देवापुढचा, तेलाचा.

धुण्याभांड्याला येणाऱ्या रतनबाईंनी एकदा विचारलं, “भाऊसाहेब, मोरीतला लाईट लावू का? भांडं निघालं का न्हाई ते हातानं चाचपावं लागतंय.”

“रतनबाई, दिवसा?”

“दिवस हाय, पर तुमच्या मोरीला त्यो दिसत न्हाई.”

अर्ज फेटाळण्यात आला. त्या महिन्यात दोन कप आणि एक बरणी फुटली. (ऊर्जाबचतीच्या शास्त्रात काचसामान धरत नाहीत.)

आणखीही काही गोष्टी धरत नाहीत. विजयाताई मालिका बघायला शेजारच्या सविताताईंकडे जाऊ लागल्या. ती वीज सविताताईंच्या खात्यात. इस्त्री कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. मोबाईल ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यालयात चार्ज होई. आणि दुपारी, ऊन डोक्यावर आलं की, माधवराव पेपर घेऊन बँकेत जात. तिथे एसी फार चांगला होता. ते रीतसर टोकन घेत, पेपर वाचत बसत आणि आपला नंबर पुकारला गेला की उदार मनाने मागच्याला पुढे करत. बँकेत त्यांच्या सौजन्याची चर्चा होती. देशाच्या एकूण वापरात एका युनिटचाही फरक पडला नव्हता. फक्त वापर निसळांच्या मीटरवरून उठून गावभर पसरला होता. याला बचत म्हणतात.

अशा दुपारी विजयाताई घरी एकट्या असत. पंखा लावायला तेव्हा कुणाचीच हरकत नव्हती. पण संध्याकाळी मीटर वाचला जाई आणि वाचल्यावर माधवरावांचा एक चेहरा होई. तो चेहरा बघण्यापेक्षा घाम पुसलेला बरा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकोप्याच्या पंख्याखालीही त्या हल्ली बसत नसत. “मला नाही उकडत,” म्हणत आणि दारात जाऊन पदराने वारा घेत. माधवरावांनी याची नोंद ‘सहकार्य’ अशी घेतली.

मे महिन्यात पुण्याहून मुलगा केदार, सून भार्गवी आणि नात मनवा आठ दिवसांसाठी आली. मनवासाठी म्हणून केदारने दोन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत एसी बसवला होता. त्यावर आता जुनी चादर घातलेली होती. तिसऱ्या दिवशी केदारला ऑफिसचं अचानक काम निघालं. भार्गवीलाही निघालं. मनवा दुसरीत होती, तरी तिलाही निघालं. गाडी वळेपर्यंत विजयाताई फाटकात उभ्या होत्या. आंब्याचा रस करायचा राहून गेला होता. आंबे तर खलबत्त्यात घालता येत नाहीत.

चार दिवसांनी मनवाचा फोन आला.

“आबा, तुमच्याकडे लाईट आली का?”

“लाईट गेलीच नव्हती, बाळा.”

मनवाने हिशेब केला.

“मग आपण अंधारात का बसलो होतो?”

माधवरावांनी नामांकित वकिलांच्या उलटतपासण्या जवळून ऐकल्या होत्या. असा प्रश्न त्यांच्या ऐकण्यात नव्हता. “हॅलो, हॅलो, आवाज येत नाही,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. त्या रात्री ते जेवले कमी, पण मीटर वाचायला चुकले नाहीत.

जून उजाडला, पाऊस लांबला आणि वीज कार्यालयाच्या कॉम्प्युटरला निसळांचा संशय आला. वापर इतका घसरला होता की एकतर घर बंद असावं, नाहीतर मीटर बिघडलेला असावा, किंवा मग तिसरं, जे सभ्य वस्तीत मोठ्याने बोलत नाहीत. एका सकाळी गर्जे नावाचे तरुण इंजिनीअर, पेटी आणि एका मदतनिसासह, फाटकात उभे राहिले. मूळचे शेवगावकडचे. बोलायला गोड.

“काका, मीटर तपासायचाय.”

“म्हणजे माझ्यावर आरोप आहे?” माधवरावांचा आवाज चढला. “अहो, मी चाळीस वर्षं न्यायालयात काढली! हा वापर कमी नाही, हा संयम आहे!”

“आसंल ना, काका. पण एवढ्या युनिटात आमच्या गोठ्यातला बल्बसुद्धा महिना काढत नाही. मीटर बरोबर निघाला तर तुमचंच नाव हुईल.” गर्जेंनी पेटी उघडली. “फक्त लोड लागंल. घरात जे जे हाय ते सगळं चालू करा.”

स्वयंपाकघरात बत्त्याचा ठोका थांबला. विजयाताई दारात आल्या. हातावर शेंगदाण्याचा कूट होता.

“सगळं?” त्यांनी विचारलं.

“सगळं, मावशी. जितका लोड जास्त, तितकी तपासणी चांगली.”

“एसीसुद्धा?”

“एसी तर पयला.”

त्यांनी माधवरावांकडे पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आदेश काढता येत नाहीत. विजयाताईंनी हात धुतले, पदर खोचला आणि बैठकीच्या खोलीपासून सुरुवात केली.

पुढे जे झालं त्याला तपासणी म्हणत असले तरी गल्लीत ते निसळांकडचं कार्य म्हणून लक्षात राहिलं आहे. चारही पंखे सुरू झाले. दिवे लागले, मोरीतलासुद्धा. रतनबाई तिथे क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आगं बया, फरशी हिरवी हाय व्हय!” गीझर लागला. फ्रीज गुरगुरला. एसीवरची चादर निघाली आणि तीच चादर, बाकीच्या सगळ्या चादरींसकट, वॉशिंग मशीनमध्ये गेली. इस्त्री तापली. मिक्सरमध्ये दाण्याचा कूट झाला, मग लसणाची चटणी झाली, मग इडलीचं भिजवलेलं नसल्याची विजयाताईंना हळहळ वाटली. टीव्हीवर त्यांच्या मालिकेचा कालचा भाग लागला. आवाज ऐकून सविताताई काळजीने धावत आल्या आणि हे बघून शांतपणे सोफ्यावर बसल्या.

अंगणात मीटर असा पळत होता की माधवरावांना बघवेना. ते तोंड फिरवून उभे राहिले.

थोड्या वेळाने गर्जेंनी वायरी सोडवायला घेतल्या. “मीटर एकदम बरोबर हाय, काका. सॉरी, तुम्हाला त्रास झाला.”

“मग बंद करायचं?” माधवराव घाईने म्हणाले.

खिडकीतून विजयाताईंचा आवाज आला. “साहेब, मशीन अर्ध्यात आहे. आत्ताच बंद केलं तर तुमच्या तपासणीला काही बाधा येईल का हो?”

गर्जेंनी खिडकीकडे पाहिलं. मग माधवरावांकडे पाहिलं. पेटीचं झाकण लावता लावता ते थांबले.

“येईल मावशी. पुरं हू द्या. उलट एसी तर चार-सहा तास चालला पायजे.”

मदतनिसाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा गर्जेंनी त्याला पेटी उचलायला सांगितली. चहा घेऊन दोघे गेले.

माधवराव आत आले तेव्हा सविताताई घरी परतल्या होत्या. विजयाताई आतल्या खोलीत, एसीसमोर, खुर्चीतच झोपल्या होत्या. मांडीवर मिक्सरचं रिकामं भांडं होतं. पंखा, दिवा, एसी, सगळं एकाच खोलीत चालू होतं, म्हणजे नियमांचा भंग तिहेरी होता. माधवरावांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात त्यांना विजयाताईंची मान दिसली. कानापासून पाठीपर्यंत लालबुंद घामोळं आलं होतं, काही ठिकाणी खाजवून सोललेलं. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. हे काही आजचं नव्हतं. पण घरात उजेड असल्यामुळे माधवरावांना ते आज पहिल्यांदा दिसलं.

त्यांनी हात मागे घेतला. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. आणि खरं सांगायचं तर, काही वेळाने त्यांनाही बरं वाटायला लागलं. बँकेपेक्षा हा एसी चांगला होता.

मग त्यांनी मनवाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दिव्याकडे धरला.

“लाईट आली बघ.”

“परत जाणार?”

“नाही. मी बोललोय त्यांच्याशी.”

“कोणाशी?”

माधवरावांनी झोपलेल्या विजयाताईंकडे पाहिलं. “आहे एक माणूस,” ते म्हणाले. “तुझ्या आजीच्या फार डोक्यावर बसला होता.”

ऑगस्टमध्ये ज्येष्ठ नागरिक संघाने ‘मी बचत कशी केली’ या विषयावर त्यांनाच बोलायला बोलावलं. सरकारी तपासणीत शुद्ध ठरलेला त्यांचा मीटर शहरातला बहुधा एकमेव होता. माधवरावांनी नाही म्हटलं नाही. पण उभे राहिल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि जे झालं ते सरळ सांगितलं. म्हणाले, मंडळी, या बचतीत मनगट बायकोचं, मान बायकोची, घाम बायकोचा. माझ्या वाट्याला देखरेख होती आणि ती मी बँकेत बसून केली. नात तीन दिवसांत पळाली. आता आमच्याकडे उठताना पंखा बंद करतात, मीच करतो, पण बसताना लावतात. माझ्यासारखा मूर्ख आपल्यात दुसरा नसेल, अशी आशा आहे.

मागे कुणीतरी नाक शिंकरलं. माधवरावांना वाटलं, शब्द पोचले.

पहिल्या रांगेतून बन्सी काकडे उठले. निवृत्त मुख्याध्यापक, भारदस्त माणूस.

“निसळ, अगदी मनातलं बोललात. डोळ्यांत पाणी आलं. फक्त एक राहिलं.” त्यांनी खिशातून पेन काढलं. त्यांच्या मागोमाग सगळ्या सभागृहाने काढलं. “बिल नेमकं किती खाली आलं?”

तो आकडा या कथेत कुठेही दिलेला नाही. (तरी एवढं सगळं वाचून, तो नजरचुकीने सुटला की काय म्हणून आपण मागची पानं चाळणार असाल, तर अवश्य चाळा. काकडे सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. आणि पंखा बरोबर तिच्या वरच आहे.)