हकीकत डॉक्टरसाहेबांनी परमुलखी तलावावर एकहाती मासा धरिला त्याची

समस्त सोयरे, शेजारी, स्नेही आणि फुकटचे सल्लागार यांस कळावे ऐसीजे. आपले कुटुंबाचे मोबाइलवरील दरबारात एक फोटो दाखल जाहाला, त्यात डॉक्टरसाहेबांचे हाती थोर मासा दिसतो, आणि तो पाहोन आपण सर्वांनी अंगठ्यांचा व टाळ्यांचा वर्षाव केला. तरी तो फोटो खोटा. मासा खरा, हातही खरे, परंतु तो मासा त्या हातांनी धरिलेला नव्हे. खरी फत्ते निराळीच जाहाली आणि तिचा फोटो नाही, म्हणोन ही बखर लिहिणे प्राप्त आले. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे डॉक्टरसाहेबांचे जावईबापूंची अब्रू राखावी इतकाच हेतू होता, आणि तोही सिद्धीस गेला नाही.

पूर्वपीठिका येणेप्रमाणे. डॉक्टरसाहेब दातांचे वैद्य. अवघी हयात एका खुर्चीशेजारी उभे राहोन त्यांणी निम्म्या शहराच्या दाढा उपटिल्या, आणि मोठमोठे मातबर त्यांचेपुढे आ वासून गप्प पडत. मग गेले साली पक्षाघाताचा झटका आला, त्यातून ईश्वरकृपेने बचावले, जबान शाबूत राहिली, अक्कल शाबूत राहिली, परंतु उजवा हात थरथरू लागला. झटक्याने जे नेले ते थोडके. बाकीचे घरच्यांनी नेले. सदऱ्याची बटणे चिरंजीव लावीत, दाढी न्हावी येऊन करी, भाकरीचा तुकडाही कोणी मोडून देई, आणि काही शुभकार्य निघाले की फीत, सुरी, किल्ली जे असेल ते दुसऱ्याने धरावे आणि साहेबांस म्हणावे की आपण नुसता हात लावा. ऐसा प्रेमाचा वेढा पडिला की गनिमाचा पुरवला. गनिमाशी भांडता तरी येते.

डॉक्टरसाहेबांची लेक ताईसाहेब व जावईबापू परमुलखी राहातात. त्यांचे घरी डॉक्टरसाहेब, चिरंजीव आणि साहेबांचे जुने दोस्त वकीलसाहेब ऐसे तिघे पाहुणे गेले. एके दिवशी जेवणाचे टेबलावर कोठे कोठे फिरावे याची मसलत चालली असता डॉक्टरसाहेब, जे सहसा काही मागत नसत, ते एकाएकी बोलते जाहाले.

"मला एक मासा धरायचाय. मी. माझ्या हातानं."

सर्वांनी एकमुखाने वा वा केली, आणि 'माझ्या हातानं' हे शब्द जेथे सांडले तेथेच पुसून टाकिले.

मोहिमेची सरदारकी जावईबापूंनी आपणाकडे घेतली. जावईबापू घरे विकण्याचे दलाल. ज्या गोष्टीचा गंध नाही तीविषयी तासभर बोलणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर. त्यांणी रातोरात मोबाइलवर मासेमारीचे व्हिडिओ पाहोन विद्या संपादिली, आणि एक जाकीट खरीदले, त्यास इतके खिसे की एक वस्तू ठेविली असता परत सापडण्यास तलाशी घ्यावी लागे. परवाने काढिले, आणि तलावाची माहितगार एक बाई, जी लोकांस नावेत घालोन मासे दाखविते, तीस मुक्रर केले. चिरंजीवांनी रसदेचा बंदोबस्त केला. त्यात रक्तदाबाचे यंत्र, गोळ्यांचा डबा, दोन स्वेटर, छत्री, थर्मास, बिस्किटे आणि पुन्हा एक स्वेटर. मासे धरण्याचे सामान मागाहून आठवले.

मग शनिवारी फौजेने कूच केले, आणि तलावाकाठी लाकडाचे एक भाड्याचे घर होते तेथे सामान टाकोन सारे धक्क्यावर दाखल जाहाले. माहितगारीण बाई हाडापेराने मजबूत, बोलण्यास तुटक. तिणे सर्वांस तरंगती जाकिटे वाटिली. डॉक्टरसाहेबांचे जाकीट तिघांनी मिळोन बांधिले, आणि तिघांनी तीन रीतींनी बांधिले, सबब साहेबांस मान फिरविता येईना. वकीलसाहेबांचे कोणी बांधिले नाही. त्यांणी आपले आपण उलटे घातले, मग सुलटे केले. डॉक्टरसाहेब त्यांजकडे बहुत वेळ पाहात होते.

नाव निघाली. बाईने तिचे भाषेत हुकूम फर्माविला की नावेत उभे राहू नये. याचा तर्जुमा ताईसाहेबांनी केला तो ऐसा की बाबा, बसूनच राहायचं, वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, ऊन लागलं तर सांगायचं, आणि ती म्हणते की तुम्ही आपलं आरामात बघत बसा. बाईने आपले चार शब्दांतून इतका मजकूर निघालेला पाहोन कपाळास आठी घातली, परंतु पोट सर्वांस असते, तिणे नाव पुढे हाकिली.

मग युद्धास तोंड लागले. जावईबापूंनी पहिली फेक केली ती वकीलसाहेबांच्या टोपीत. दुसरी फेक नावेच्या दोरात. तिसरी पाण्यात पडिली, त्याचा त्यांस इतका हर्ष जाहाला की जणू पाणी शोधून काढिले. फेक आपण करावी, मग गळाची काठी डॉक्टरसाहेबांचे हाती द्यावी, आणि दोरी किंचित हालली की झडप घालोन परत घ्यावी, ऐसा क्रम लाविला. काठी साहेबांकडे येई ती पाहुणी येते तैशी, टेकते न टेकते तो निघाली. चिरंजीव शेजारी बसोन, बाबा थंडी वाजतेय का, ऐसे विचारीत, आणि वाजत नाही म्हणताच स्वेटर काढीत.

दैवगती बलवत्तर. आंधळ्याचे हाती लागावा तैसा जावईबापूंचे गळास एक थोर मासा लागला. त्यांणी आरोळी ठोकिली. खरे पाहता काठीवरील दोरी गुंडाळण्याचे चक्र बाईने फिरविले, जाळी बाईने धरिली, मासा बाईने वर घेतला, जावईबापूंनी आरोळीच काय ती स्वतः दिली. मग तो मासा उचलोन डॉक्टरसाहेबांपुढे आणिला, ताईसाहेबांनी मोबाइल रोखिला, आणि जावईबापू बोलिले.

"बाबा, नुसता हात लावा."

साहेबांनी हात लाविला. फोटो निघाला. मासा पाण्यात सुटतो न सुटतो तोच फोटो आपले दरबारात पोहोचला, वर मजकूर 'बाबांनी मारलं मैदान', आणि आपण सर्व धन्य धन्य लिहू लागलात. ताईसाहेब एकेक अभिनंदन मोठ्याने वाचोन दाखवू लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो प्रकार. ज्या मनुष्याने जन्मभर दुसऱ्याने उपटिलेली दाढ आपली सांगितली नाही, त्याचे पदरी दुसऱ्याचा मासा बांधिला, आणि वर त्यास आनंदी दिसण्याचा हुकूम.

पांचवे की सहावे अभिनंदन वाचताच साहेबांनी हात वर केला. थरथरत होता तोच वर केला.

"हा मासा माझा नाही. आता धरीन तो माझा. मध्ये जो हात घालील त्याच्यासाठी मी पुन्हा दवाखाना उघडीन, आणि पहिले दात जावईबापूंचे काढीन. भूल न देता."

जावईबापूंनी ओठ मिटोन घेतले. चिरंजीवांनी अर्ज केला की बाबा, तुमच्या तब्येतीसाठीच ना. अर्ज नामंजूर जाहाला. ताईसाहेबांचे डोळे भरोन आले, त्या म्हणो लागल्या की आम्ही काय वाईट केलं. त्यावर साहेबांनी नरमाईने सांगितले की वाईट काहीच केलं नाहीत, तेच तर सांगतोय, काही करू नका.

इतक्यात नवे संकट उभे राहिले. बाईने घड्याळ पाहोन जाहीर केले की वेळ सरली, तिचे पोर पोहण्याचे शिकवणीस गेले आहे, त्यास आणावयास जाणे, सबब नाव फिरवावी. आता डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडिला तो पाहवेना. मनुष्य सत्तरी ओलांडोन एक गोष्ट मागतो, आणि तीही शिकवणी सुटण्याचे वेळेत अडकते.

तेव्हां वकीलसाहेब, जे टोपीतील भोकात बोट घालोन बसले होते, ते जागे जाहाले. त्यांची हयात तारखा वाढवोन घेण्यात गेली. त्यांणी बाईचा डबा अद्याप न उघडिलेला पाहिला, आणि ताईसाहेबांचे मारफत विनंती केली की बाईंनी उपाशी नाव हाकू नये, आधी खाऊन घ्यावे, खाणे होईतो डॉक्टरांनी गळ टाकावा. बाईस भूक होतीच, तिणे मान्य केले. मग वकीलसाहेबांनी तिचे खाणे लांबविले. थर्मासातील कॉफी दिली, बिस्किटे पुढे केली, ती संपताच तिचे पोराची चौकशी केली, आणि आई कोणत्याही मुलखातील असो, पोराविषयी विचारिले असता थोडक्यात आटपत नाही. तिणे फोन लावोन पोरास शेजारणीबरोबर घरी पाठविण्याची तजवीजही करोन टाकिली.

इकडे डॉक्टरसाहेबांनी काठी हाती घेतली. पहिली फेक नावेपासून हातभर. दुसरी त्याहोन अलीकडे. तिसरे खेपेस दोरीचा ऐसा गुंता जाहाला की पाहणाराचा जीव जावा. चिरंजीवांचे हात शिवशिवू लागले, तेव्हां त्यांणी ते आपले मांडीखाली घालोन वर बसकण मारिली. जावईबापूंनी आपले दोन्ही हात जाकिटाचे खिशांत कोंबिले, आणि खिशांचा काही उपयोग जाहाला तो एवढाच. ताईसाहेबांस पाहवेना, त्या चेहरा हातांनी झाकोन पाठ करोन बसल्या. साहेबांनी गुंता एकेक पदर करोन सोडविला. बहुत वेळ लागला. कोणी मेले नाही.

मग काठी डावे हाती घेतली, उजवा हात नुसता आधारास दिला, आणि चौथी फेक केली ती बेताची दूर पडिली. काही काळ काहीच घडेना. बखरींत लढाया लौकर होतात, पाण्यावर तैसे नाही. मग दोरी ताठ जाहाली. काठी वाकली. चिरंजीव 'बाबा' म्हणोन उठले, तो नाव डगमगली, बाईने खेकसोन खाली बसविले. साहेबांनी कोणाकडे पाहिले नाही. काठीचा बुंधा पोटाशी रोविला, थरथरता हात चक्रावर ठेविला, चक्र फिरविले, हात घसरला, पुन्हा ठेविला, पुन्हा फिरविले. मासा ओढी, साहेब सोडीत. मासा थांबे, साहेब ओढीत. दात ओठांत रुतले, घाम कानावरून उतरला, आणि तो पुसावयास चिरंजीव रुमाल काढीत होते ते वकीलसाहेबांनी डोळे वटारोन थोपविले. बाई जाळी घेऊन पुढे सरली, तीस मानेने ना म्हटले आणि जाळी मागोन घेतली. दोन वेळा मासा जाळीबाहेर निसटला. तिसरे वेळी आत आला.

मासा टीचभर. खरे सांगावे तर टीच मोठ्या मनाने धरावी लागे. बाईने सांगितले की एवढा लहान मासा ठेवण्यास कायद्याची परवानगी नाही, लागलाच सोडावा, आणि गळ काढावयास तिणे चिमटा उचलिला. साहेबांनी हात पुढे केला.

"तो द्या इकडं. तोंडातलं काम माझं."

मग हात ओला करोन मासा धरिला, मनगट नावेचे काठावर टेकिले, जैसे दवाखान्यात नवशिक्यांस शिकवीत की हात हालतो तर हालू दे, मनगट टेकव. हात हालतच होता. चिमटा आत गेला, एक वळसा घेतला, आणि गळ बाहेर आला. माशास ओरखडा नाही. साहेबांनी त्यास दोन्ही हातांनी पाण्यात धरिले, आणि जन्मभराच्या सवयीने बजाविले.

"झालं. आता दोन तास काही खायचं नाही."

मासा शेपूट मारोन गेला. वकीलसाहेब हसो लागले, मग साहेब हसो लागले, आणि चिरंजीव व जावईबापू तोंडे फिरवोन डोळे पुसो लागले. ताईसाहेब वळल्या तेव्हां पाण्यावर फक्त वलये उरली होती. फोटो कोणी घेतला नव्हता, कारण ज्यांनी तो घ्यावा त्यांचे हात मांडीखाली, खिशांत आणि चेहऱ्यावर होते.

येणेप्रमाणे, गनीम टीचभर, फौज पांच असामी, जखमी एक टोपी, आणि लूट काही नाही, ऐसी ही फत्ते डॉक्टरसाहेबांनी स्वहस्ते संपादिली. त्या फोटोवर जे अंगठे दिले असतील ते ज्याचे त्याने परत घ्यावे.

संध्याकाळी लाकडी घरात परतलियावर ताईसाहेबांनी चहा केला आणि किटली टेबलावर ठेविली. डॉक्टरसाहेबांनी ती ओढोन घेतली आणि सर्वांचे कप भरू लागले. पहिला कप बशीत सांडला, दुसरा टेबलावर, तिसरा जावईबापूंचे जाकिटावर. कोणी उठले नाही. जावईबापूंस चटका बसला, तरी त्यांणी हूं का चूं केले नाही, ही त्यांची मर्दुमकी येथे आवर्जून नमूद करणे. मग साहेबांनी फडके मागितले, ते चिरंजीवांनी पुढे केले आणि साहेबांचे हाती सोडोन दिले.