ताईचा कॉम्प्युटर आईला ओळखेना!

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरातला डेटाबेस सर्व्हर मी एकटीने उभा केलाय! ताईच्या जुन्या कॉम्प्युटरवर. ताई नोकरीसाठी दूर गेली, आईला हॉस्पिटलात दुपारपाळी लागली, तेव्हापासून शाळेतून आल्यावर बोलायला घरात फक्त फ्रिज. तोही नुसता घुं घुं करतो! म्हणून घरात रोज काय घडतं ते मी सर्व्हरमध्ये भरते. ताईने तिकडून जोडायचं आणि वाचायचं. बस्स!

पण ताईच्या तिकडच्या नव्या कॉम्प्युटरने माझ्या सर्व्हरवर विश्वास का ठेवावा? तर सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्रच, दाखवतो. त्यावर मोठ्याची सही, त्या मोठ्याच्या सर्टिफिकेटवर त्याहून मोठ्याची. साखळीच्या टोकाला असतं रूट. त्याच्या वर कोणीच नाही, ते स्वतःच स्वतःवर सही ठोकतं. मी रूटला नाव दिलं 'आई'. दुसरं काय देणार?

सरप्राइज म्हणून नव्या ईमेलवरून ताईला सर्व्हरचा पत्ता धाडला. आणि रूट पाठवायलाच विसरले! ताईच्या स्क्रीनवर झळकलं: 'आई' ओळखीची नाही. विश्वास ठेवू नका.

"कोण तुम्ही?" ताईचं उत्तर.

"विश्वास ठेव ना गं! लवकर जोड!" मी लिहिलं. भामटे अगदी असंच लिहितात, हे मला मागाहून कळलं.

ताईने थेट आईला फोन लावला. "तुझ्या नावाने कोणीतरी खोट्या सह्या करतंय! पत्ता तर आपल्याच घरचा दिसतोय!" आई वॉर्डात अडकलेली. तिने शेजारच्या काकूंना पिटाळलं. काकू झाडू परजत दारात!

"दार उघड! घरात कोण शिरलंय?"

"तुम्ही काकूच कशावरून?"

"अगं कार्टे, तुझ्या आईने पाठवलंय मला!"

"मग आईला बोलू द्या!"

काकूंनी फोन दाराच्या फटीला लावला. आई ओरडली. तशा ओरडण्याची नक्कल जगात कुणालाही करता येणार नाही! मी मुकाट्याने कडी काढली.

मग ताईचा फोन. मला! "शहाणे, रूट पाठव. आणि त्याचा ठसा फोनवर वाच, मी जुळवून बघते."

ठसा म्हणजे आकड्या-अक्षरांची ही लांबलचक माळ. मी एकेक अक्षर चवीचवीने वाचलं. मधेच ताई, "जेवलीस का गं?" मधेच, "बाथरूमचा नळ अजून गळतो?" मी मुद्दाम दोनदा चुकले.

"जुळलं! रूट एकदा नीट केलं की वर्षानुवर्षं बघायला नको. मुदत भरपूर घातलीस ना?"

"मग! मला काय समजलीस?"

"गुणी गं बाई. चल, ठेवते."

फ्रिज पुन्हा घुं घुं करायला लागला.

मुदत मी घातलीय एक दिवसाची. उद्या ताईचा कॉम्प्युटर परत आईला ओळखणार नाही, म्हणजे नवं रूट, नवा ठसा, पहिल्या अक्षरापासून! घाईत होते हो अशी चूक एखाद्या वेळी. माझी बहुतेक रोज होईल.