मुश्ताक मिस्त्रींच्या अकरा मशिनी

मुश्ताक मिस्त्री संगणक दुरुस्त करताना आधी कान लावतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हार्डडिस्कच्या पत्र्यावर टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि डाव्या पंजाने सगळ्यांना गप्प राहायची खूण करायची. मी शाळेची मुख्याध्यापिका असले तरी त्या पंजातून मला सूट नाही. एकदा संस्थेचे अध्यक्ष संगणक खोलीत शिरून चार शब्द बोलायच्या बेतात होते. त्यांनाही तोच पंजा दिसला. अध्यक्ष पाच मिनिटं ताटकळले. मग मिस्त्रींनी डोळे उघडले.

"बेअरिंग मस्त हाय. हां, बोला आता. काय म्हनून रायले होते तुमी?"

ही सवय जिनिंगमधली. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी बावीस वर्षं यंत्रं सांभाळली. मग कापसाची ती वाईट वर्षं आली, गाड्या येईनाशा झाल्या आणि जिनच्या फाटकाला कुलूप लागलं. मालकाने सगळ्यांना घरी जायला सांगितलं. मिस्त्री घरी गेले नाहीत. जुन्या शहरातल्या आमच्या शाळेची पाण्याची मोटर बंद असल्याचं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, ते थेट शाळेत आले. मोटर चालू केली, हात पुसले आणि मला म्हणाले, "बाई, मले ठेवून घ्या. तुमच्या शाळेत सारंच बिघडेल हाय."

उद्धटपणा मला खपत नाही. पण त्यात खोटं काय होतं? प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होती. ठेवून घेतलं.

संगणक नंतर आले. एका बँकेने नवे घेतले तेव्हा जुने अकरा आमच्या मुलींच्या शाळेला देऊन टाकले. देताना आतलं सगळं पुसून दिलं, म्हणजे बटण दाबलं की काळा पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी रेघ. गावातला दुकानदार बघून म्हणाला, भंगारात घाला. हे तो मिस्त्रींच्या देखत म्हणाला, ही त्याची चूक. कुठल्याही वस्तूला कोणी भंगार म्हटलं की मिस्त्री त्या माणसाशी वैर धरतात. त्या दुकानदाराशी ते आजही बोलत नाहीत. समोरून आला तर रस्ता मात्र सोडत नाहीत.

कुठल्याशा मासिकाबरोबर मिळालेली एक सीडी त्यांनी पैदा केली. तिच्यात लिनक्स नावाची फुकट प्रणाली होती. आहे तशी घालून मोकळं व्हावं, तर तेही नाही. या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो आतला कारभारी. डिस्क, पडदा, कळफलक, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फत. सीडीत तयार कर्नल होता. मिस्त्रींना तो चालेना.

"रेडिमेड शर्ट अन् रेडिमेड कर्नल, दोन्ही दुसऱ्याच्या अंगाचे असतेत," ते म्हणाले. "मी माह्या मापाचा शिवतो."

कर्नल शिवायचा तर संगणक आधी शेकडो प्रश्न विचारतो. अमुक यंत्र जोडलंय का, तमुकची सोय ठेवू का. हो असेल तर वाय दाबा, नाही असेल तर एन. आमच्याकडे भारनियमन, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून मिस्त्री प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर हजेरीच्या एका कोऱ्या रजिस्टरमध्ये उतरवत. तीन आठवडे मधल्या सुट्टीत हे चाललं होतं. वाय दाबताना त्यांचा चेहरा मुलीच्या सासरच्यांना सोन्याचा डाग देत असल्यासारखा होई. एन मात्र ते खणखणीत दाबत.

"रेडिओचं कार्ड? एन. इन्फ्रारेड? हे काय अस्ते? एन. ज्याची वळख नाई त्याले घरात काहून घ्या?"

मशिनी चालू झाल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पण त्या चालायच्या म्हणजे कशा? मुलीने पत्र उघडायची आज्ञा द्यावी, शेजारणीची वेणी घालून द्यावी, रिबिनीचं फूल नीट करावं, तेव्हा कुठे पत्र पडद्यावर येई.

त्यातच परीक्षा मंडळाचं पत्र आलं. संगणकावरच्या पत्रलेखनाच्या परीक्षेला आमच्या अडतीस मुली बसणार होत्या, आणि केंद्र आमच्याच शाळेत मिळावं असा अर्ज मी केला होता. मंडळाने कळवलं, शनिवारी तपासनीस येतील. प्रत्येक मशीन ठरलेल्या मिनिटांत सुरू झाली, पत्र उघडलं आणि साठवलं गेलं तर केंद्र अकोल्यात. नाही तर मुलींनी अमरावतीला जावं.

अमरावती काही परदेशात नाही. एसटीने अडीच तास. पण मी या मुलींच्या वडिलांना ओळखते. पिंजारी असो की पूजा सांगणारे गुरुजी, उत्तर एकच येतं: "पुढच्या वर्षी पाहू, बाई." पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालेलं असतं. पीक बुडालेल्या वर्षांत ती घाई आणखी. तेव्हा केंद्र गेलं की अडतीसपैकी तिसाच्या वर मुली गेल्या, हा हिशेब मला तोंडपाठ होता. मी मिस्त्रींना पत्र वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "म्हंजे शनिवारी आपल्या मशिनीले तो भंगार म्हननार."

"म्हणू नये अशी व्यवस्था करा."

सोमवारी त्यांनी डिस्कचा वेग मोजला. सेकंदाला तीन एमबी. मासिकात लिहिलं होतं, वीसच्या वर हवा. मला त्यांनी रोग समजावून सांगितला तो असा: "बाई, जिनमधे कापूस कोन वाहते? हमाल. अन् म्यानेजर काय करते? खुर्चीवर बसून हिशोब पाहते. आपल्या मशिनीत म्यानेजर सोता डोक्यावर गाठोडं घेऊन पयत हाय. डिस्कपासून मेमरीपर्यंत एकेक गाठोडं. मंग काम कवा करन तो?"

"मग हमाल लावा."

"लावतो ना. एका आज्ञेचं काम हाय."

त्यांनी आज्ञा दिली. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं: या कामाला परवानगी नाही.

मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या प्रणालीत मालक म्हणून शिरायची एक वाट असते, तिथून शिरलेल्याला कोणी अडवू शकत नाही, असं त्यांनीच मला सतरा वेळा सांगितलं होतं. ते मालक म्हणूनच बसले होते.

"मी मालक हाओ, अन् हे मले परवानगी नाई म्हनते," ते मशिनीकडे बघत म्हणाले. "कोनाची परवानगी आनू? कलेक्टरची?"

बुधवारपर्यंत त्यांनी अकराच्या अकरा मशिनींच्या चपट्या केबली बदलल्या. कान लावले. आज्ञा उलटसुलट करून पाहिली. उत्तर तेच. बुधवारी दुपारी मी गेले तर ते एका मशिनीशी अबोला धरून तिच्याकडे पाठ करून डबा खात होते.

मला संगणकातलं काही कळत नाही. पण सव्वीस वर्षं पेपर तपासल्यावर एक कळतं: हुशार मुलीचं उत्तर चुकलं असेल तर तिने प्रश्न नीट वाचलेला नसतो. मी म्हटलं, "मिस्त्री, ते रजिस्टर द्या."

"त्यात काय पाहता तुमी?"

"द्या."

डिस्कचं प्रकरण सापडायला वेळ लागला नाही. तिथे पान भरून एन होते, एकाखाली एक, पंधरा-सोळा.

"हे कशाला नाही म्हणालात?"

"ते सर्किटच्या कंपन्यांचे नावं हायेत. कोन कुठचा, कोन कुठचा. मी एकालेबी वळखत नाई."

"आणि आपल्या मशिनीत कोणाचं सर्किट आहे?"

ते चावायचे थांबले. डबा बाजूला ठेवून त्यांनी मशीन उघडली. आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका काळ्या चौकोनी तुकड्यावर बारीक अक्षरं होती. मिस्त्रींना जवळचं दिसत नाही, पण ते तसं कबूल करत नाहीत, म्हणून "उजेड कमी हाय" असं त्यांनी जाहीर केलं आणि मी माझा चष्मा लावून वाचलं. ते नाव रजिस्टरमध्ये सातव्या ओळीत होतं. पुढे एन.

त्या सर्किटला एन म्हणजे हमालाला फाटकातच नाही म्हणून सांगितलं होतं, मग तो आत येणार कसा?

मिस्त्रींनी त्या एनवर बोट ठेवलं. "मंग मशीन खोटं नव्हती बोलून रायली," एवढंच म्हणाले. माझ्याशी नाही, मशिनीशी.

नवा कर्नल शिवायचा म्हणजे संगणकाने सलग पाच तास राबायचं. आमच्याकडे वीज एका दमात तीन तासांवर टिकत नव्हती. गुरुवारी दहाला त्यांनी काम लावलं आणि एकला वीज गेली. मी धावत संगणक खोलीत गेले.

मिस्त्री शांतपणे बिडी शोधत होते. "घाबरता काहून? हे जिथं तुटलं तिथूनच जोडते. पह्यल्यापासून मांगत नाई. मानसापेक्षा बरं हाय."

वीज आली, गेली, आली. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला जाताना त्यांनी मला खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसवलं आणि बजावलं, "कोनी पंख्याच्या बटनालेबी हात नाई लावला पाह्यजे. तुमीबी नाई." एप्रिल होता. मी घाम पुसत राखण केली. परत येऊन त्यांनी नवा कर्नल अकराही मशिनींवर चढवला, आज्ञा दिली, आणि पडद्याकडे न बघता स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला.

"चाल बदलली," ते म्हणाले.

पडद्यावर आकडा होता चोवीस.

शनिवारी तपासनीस आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टॉपवॉच. अकरा मशिनी त्याच्या घड्याळाच्या आत उठल्या, पत्रं उघडली, साठवली. त्याला ते आवडलं नसावं. त्याने विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं आहे?"

"कोन्त्याच नाई," मिस्त्री म्हणाले. "आमचं हाय."

"नियमात..."

"नियमात मिनिटं लिहेल हायेत, साहेब. कंपनी नाई लिहेल. म्या वाचले."

मी मधे पडून चहा मागवला. त्याने सही केली. केंद्र अकोल्यात राहिलं.

तो गेल्यावर मिस्त्री माझ्या खोलीत आले. उभेच राहिले. मग खिशातून घडी केलेला परीक्षेचा अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. "मुदत सोमवारपर्यंत हाय ना? बत्तीस वर्षाची बाई बसू शकते का परीक्षेले?"

अर्ज रुखसाना नावाच्या बाईचा होता. फोटो लग्नातल्या फोटोतून कापलेला, कडेला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा राहिलेला.

"माही पोरगी," ते म्हणाले. "शाळेत असतानी टायपिंगमधे एक नंबर होती. परीक्षा अमरावतीले होती तवा. म्या नाई म्हटलं. मंग बुऱ्हाणपूरले देल्ली. दोन वर्षं झाले, वापस आली."

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं रोज हा माणूस माझ्याशी भांडत होता, आणि घरातली मुलगी त्याच्याशी भांडतसुद्धा नव्हती.

"बोलते ना माह्यासंग," मी न विचारताच ते म्हणाले. "भाजी वाढू का, इचारते. दिवा गेला, सांगते. तेवढंच."

मी अर्ज पाहिला. सगळे रकाने मिस्त्रींच्या अक्षरात भरलेले. 'पालकाची संमती' या ठिकाणी त्यांची भलीमोठी उर्दू सही. उमेदवाराच्या सहीची जागा कोरी.

"तिला विचारलंत?"

"नाई."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

अध्यक्षांना गप्प करणारा तो माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. "भेव लागते, बाई. तुमी येता का घरी?"

"मी येणार नाही. तुम्ही विचारा. ती नाही म्हणाली तर ऐकून घ्या आणि सोमवारी मला सांगा."

ते अर्ज उचलून गेले. रविवार माझा वाईट गेला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

सोमवारी दहाच्या ठोक्याला अर्ज माझ्या टेबलावर आला. जुना फोटो उपटून त्या जागी नवा लावलेला, एकटीचा, सरळ बघणारा. खाली निळ्या शाईत तिची सही. आणि 'पालकाची संमती' या रकान्यातल्या मिस्त्रींच्या सहीवर आडवी रेघ. खाली लिहिलं होतं: 'वय बत्तीस, स्वतः.'

"मिस्त्री, ही खाडाखोड मंडळाला चालणार नाही."

"कशी नाई चालन?" ते म्हणाले. "चालत नाई म्हनून कोनी सांगितलं तं मी जातो अमरावतीले, मंडळात. पाहतो कोन नाई म्हनते ते. तिनं खोडलं, आता ते खोडलेलंच रायीन."

रेघ अगदी सरळ होती. मी अर्ज बाकीच्या अडतिसांवर ठेवला आणि विचारलं, "काही बोलली का?"

"बोल्ली ना," मिस्त्री म्हणाले. दारापर्यंत गेले, थांबले. "'अब्बा, जरा पट्टी देना', बोल्ली."