कुलकर्णी सर उद्याला कमी भाव देत नाहीत

आमच्या खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी सर सकाळी सकाळी आकड्यांना शिव्या देतात. माणसांना तर देतातच, पण आकड्यांना देणारा मी दुसरा पाहिला नाही.

मी बारावीला गणित शिकवतो, एवढाच माझा गुन्हा. सरांनी जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, फळ्यावर दोन रेषा ओढून. रिटायर झाल्यावर त्यांना कळलं की आता सगळं गणितानं चालतं. आज किती वापरायचं, उद्याला किती ठेवायचं, असं दिवसामागून दिवस, कायमचं. "जाधव, मला शिकवा," म्हणाले. विनंती नव्हती ती, हुकूम होता.

कॅल्क्युलसपर्यंत गाडी बरी चालली. पुढं आमचं पेटलं. अर्थशास्त्राच्या या मॉडेलांत उद्याचं सुख आजच्यापेक्षा जरा कमी धरतात, एकाहून लहान आकड्यानं गुणून. सर ताडकन उठले.

"कमी? का म्हणून? उद्या काय रस्त्यावर पडलाय व्हय?"

"सर, पुरता एक धरला तर बेरीज अनंतात जाते. उत्तरच येत नाही."

"नका येऊ देऊ. मी उद्याला कमी भाव देणार नाही."

रोज हेच. डोक्याचा पार भुगा. कारण सरांचं घरही त्याच हिशेबानं चालतं. नव्या चादरी कपाटात, चांगले कप माळ्यावर. आमच्या उस्मानपुऱ्यात नळाला पाणी येतं आठवड्यानं, म्हणून सरांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, तुळशीला तांब्याभर जास्त घातलं की सर खेकसतात. आणि नळ आला की तेच जपलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओततात. माझं तर रक्त उकळतं.

तरी हेही हसून सोडलं असतं. पण मालतीकाकूंची नजर चाललीय. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही. काकूंना एकदा अजिंठ्याची चित्रं बघायचीत. सगळा संसार अजिंठ्यापासून दोन-तीन तासांवरच्या या गावात झाला आणि बाईनं तो पाहिला नाही. दरवर्षी सर म्हणतात, "पुढच्या हिवाळ्यात जाऊ, गर्दी कमी असते." काकू मान हलवतात. त्या मान हलवण्याचा मला लई संताप येतो.

एक दिवस मी भडकलोच. "सर, गणित राहू द्या बाजूला. तुम्ही पुढं ढकलत बसा. काकूंचे डोळे तुमच्यासाठी थांबायचे नाहीत."

सरांनी माझ्या तोंडावर दार लावलं. बोलणं बंद. मीही गेलो नाही, मला काय गरज पडलीय?

मग एका सकाळी तेच वर आले. "एकाच्या खाली आलो," म्हणाले.

"किती धरलं?"

"ते विचारू नका. गाडी काढा."

फर्दापूरला गाडी ठेवून आम्ही तिथल्या बसनं लेण्यांकडं गेलो. सर बसवाल्याशी भांडले, तिकीटवाल्याशी भांडले, पायऱ्या बांधणाऱ्यांचा उद्धार केला. आत उजेड अगदी मंद. काकू चित्रासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले, पदरानं पुसले.

"मला काही दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात.

मला वाटलं, आता सर उजेडावरून पहारेकऱ्याच्या अंगावर जाणार. त्यांनी काकूंचं कोपर धरलं. "हातात कमळ आहे," ते कानाशी बोलू लागले. "मान जराशी कललीय. डोळे खाली." तेवढ्यात त्यांनी दोनदा नाक ओढलं, बाहीनं डोळे पुसले.

काकूंनी चाचपून त्यांचा हात धरला.

"रडताय काय? कमळाचा रंग कोणता, ते सांगा."