आवश्यकता क्रमांक दोनशे अठरा

माल हलवण्याआधी तो कशासाठी, कसा आणि कोणाच्या सहीने हलवायचा हे लेखी ठरलेलं असावं, याबद्दल सुसंस्कृत जगात दुमत नाही. चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या या कारखान्यात मात्र एकोणीस वर्षं असं काहीच लेखी नव्हतं. खुर्ची तयार झाली की गोदामप्रमुख टेम्पोवाल्याला हाक मारायचे, तो "निघालोच" म्हणायचा आणि खरोखरच निघायचा. इतक्या बेजबाबदार कारभारातही खुर्च्या घरोघरी पोचत होत्या, हा निव्वळ योगायोग मानला पाहिजे.

टेम्पोवाला निवृत्त झाला आणि सुधारणेला वाव मिळाला. वाहतूक बाहेरच्या कंपनीकडे द्यायची असं व्यवस्थापकांनी ठरवलं. पण कंपनी निवडायची तर आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी कागदावर यायला हवं. काम गोदामप्रमुखांकडे आलं. त्यांनी डबा उघडायच्या आत अर्ध्या पानावर लिहून टाकलं: माल वेळेवर न्यावा. मोडू नये. जिना असला तर वर चढवून द्यावा. उशीर होणार असेल तर फोन करावा.

व्यवस्थापकांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"अहो, एवढंच?"

"एवढंच तर करतो साहेब आपण."

"तिथेच तर चुकतंय आपलं," व्यवस्थापक कळवळून म्हणाले.

समिती नेमली गेली. तिच्यात खरेदी, कायदा, सुरक्षा आणि उपाहारगृह यांचे प्रतिनिधी होते. (उपाहारगृहाचा वाहतुकीशी संबंध नव्हता, पण चहा घेऊन ते प्रत्येक बैठकीला येतच होते.) 'वेळेवर' या शब्दाची व्याख्या करण्यात चार बैठका गेल्या, पाचवी वेळेवर सुरू न झाल्याने रद्द झाली. मसुदा पक्का होईपर्यंत एकही खुर्ची बाहेर जाऊ नये असंही ठरलं, कारण तात्पुरती सोय चांगली झाली तर कायमच्या सोयीची किंमत राहत नाही.

पाच महिन्यांत आवश्यकता दोनशे सतरा झाल्या. त्यांतल्या चाळीस अर्जाच्या कागदाबद्दल होत्या, सव्वीस चालकाच्या गणवेशाबद्दल, नऊ परस्परविरोधी (कायदा विभागाच्या मते हे प्रमाण समाधानकारक होतं) आणि खुर्चीबद्दल एक: तिला 'वस्तू' समजावं. गोदामात तोवर चारशे अकरा वस्तू साठल्या होत्या. गोदामप्रमुखांना स्वतःच्या टेबलापर्यंत आडवं चालत जावं लागे.

दर सोमवारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा फोन यायचा. त्यांचे यजमान पडल्यापासून अंथरुणाला खिळले होते.

"आज तरी निघाली का खुर्ची?"

"नाही बाई. व्याख्या चालू आहे."

"कशाची?"

"वेळेवरची."

"त्यांना गॅलरीत बसायचंय हो. पंख्याकडे बघून बघून कंटाळलेत."

त्या दिवशी गोदामप्रमुखांचा डबा तसाच घरी गेला, आणि भाजीला नावं ठेवली असं समजून बायकोने अबोला धरला तो वेगळाच.

पुढच्या गुरुवारी बाई पावती घेऊन स्वतःच गोदामाच्या दारात उभ्या राहिल्या. खुर्चीकडे त्यांनी वर्गात बघावं तसं बघितलं.

"हिला चाकं आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

गोदामप्रमुखांनी दोनशे सतरा आवश्यकता मनातल्या मनात धुंडाळल्या. खुर्ची स्वतःच्या चाकांवर जाऊ शकते हे कोणाच्या डोक्यातच न आल्यामुळे तिला कोणी मनाईही केलेली नव्हती. त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि खुर्ची ढकलत रस्त्याला लागले. चढावर बाईंचे गुडघे बोलायला लागले.

"बसा."

"इश्श, लोक काय म्हणतील?"

"पेशंट आहे म्हणतील."

बाई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या. पहिल्या मजल्यापर्यंत खुर्ची गोदामप्रमुखांनी खांद्यावरून नेली. यजमानांना बसवून गॅलरीत आणलं, तेव्हा ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "समोरच्यांनी दाराला रंग दिला वाटतं." हातातलं पाणी तसंच ठेवून गोदामप्रमुखांनीही वाकून ते दार नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी समितीने बोलावलं. नोकरी गेलीच असं धरून ते चार वाक्यं पाठ करून गेले. पण समिती भारावली होती. मोडतोड शून्य, जिना पार, वेळ व्याख्येत बसणारी. वाहतूक कंपनी म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पडले (सहा गणवेशाचे गेले) आणि आपल्या किती शाखा आहेत, अशी विचारणा त्यांना रीतसर पाठवण्यात आली. बाईंनी तिच्यातलं शुद्धलेखन लाल शाईने दुरुस्त करून ती परत पाठवली.

"मग बाकीच्याही अशाच पोचवू का?" गोदामप्रमुखांनी विचारलं.

"जरूर," व्यवस्थापक म्हणाले. "आधी त्याच्या आवश्यकता लिहून काढू."

चारशे दहा खुर्च्या अजून गोदामात आहेत. दरम्यान, मसुदा सर्वसामान्य वाचकांच्या सूचनांसाठी खुला झाला आहे. इथवर वाचताना 'त्यापेक्षा यांनी सरळ असं का नाही केलं?' हे तुमच्याही मनात आलं असेलच. आभारी आहोत. तुमची सूचना आवश्यकता क्रमांक दोनशे अठरा म्हणून नोंदवली असून तिच्यावर विचार होईपर्यंत वाटप तीन आठवडे पुढे ढकललं आहे. खुर्चीसाठी कोणाचा फोन आला, तर गोदामप्रमुख आता तुमचंच नाव सांगतात.