सज्ञान गाणं

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं आईने बजावलंय, पण दिगूमामाचं सगळ्यांत गाजलेलं गाणं एक जूनला अठरा वर्षांचं झालं आणि सज्ञान झाल्यामुळे घर सोडून बँजो पार्टीत गेलं.

दिगूमामा गिटार आणि हलगी एकत्र करून स्वतः रचलेली गाणी गातो. त्याची बारा गाणी आहेत. लोकांना एकच लागतं, 'इंजिन धुकधुकतंय'. चार जूनला तालुक्याच्या सभागृहात त्याचा कार्यक्रम होता आणि फलकावर त्याच गाण्याचं नाव होतं.

गाणं पिशवी भरत होतं तेव्हा मामा दारात आडवा उभा राहिला.

"तू दिवाळीतलं आहेस. फटाक्यांच्या आवाजात तुझं ध्रुपद जुळवलंय मी. अजून पाच महिने कुठं जायचं नाही."

"दाखल्यावर एक जून आहे," गाणं म्हणालं.

दाखला मामानेच काढला होता. तारीख आठवली नाही की आमच्याकडे एक जून सांगतात. मामाची स्वतःचीही तीच आहे.

दाखल्यावरची तारीख बदलून दिवाळीची करावी असा अर्ज मामाने केला. माझं अक्षर बरं म्हणून तो मी लिहिला. ग्रामसेवक खाडेभाऊंनी तो दोनदा वाचला.

"दिगूअण्णा, एक जून खोटी धरली तर निम्मं गाव जन्मलेलंच नाही. मीसुद्धा."

"अहो, पण माझा कार्यक्रम!"

"मग पाहुणं म्हणून बोलवा की. सज्ञान आहे, मानानं बोलवा."

मामाने दातओठ खात मला निमंत्रण लिहायला सांगितलं. उत्तर लगेच आलं. त्या दिवशी दोन वराती आहेत, मधल्या वेळात येईन. शाल-श्रीफळ हवं. आणि तिसरं कडवं जलद म्हणायचं. 'अठरा वर्षं तुम्ही ते मला रडत म्हणायला लावलंत. वरातीत मला कुणी रडवत नाही.'

"माझ्या बापाच्या विहिरीवरचं कडवं आहे ते!" मामा ओरडला. "त्यावर नाचणार लोक?"

लोक नाचले. गाणं चाळीस मिनिटं उशिरा आलं, डोक्याला फेटा, कानात गुलाल. मामाने शाल घातली, नारळ दिला आणि तिसरं कडवं जलद म्हटलं. लोक खुर्च्यांवर चढले. मी पहिल्या रांगेत होते, म्हणून मला दिसलं की मामा जलद म्हणतानाही रडत होता. गाण्यालाही ते दिसलं असावं. ते मामाच्या पाया पडलं, जरा थांबलं आणि दुसऱ्या वरातीला गेलं.

उरलेल्या अकरा गाण्यांचे दाखले आम्ही घरी येऊन तपासले. सगळी एक जूनची. दोन पुढच्या वर्षीच अठरा पूर्ण करतात.

आता त्याने तेरावं रचलंय. या वेळी खरी तारीख घालायची असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कोरा अर्ज समोर ठेवला आणि विचारलं, नक्की कधी पूर्ण झालं?

"गेल्या आठवड्यात," मामा म्हणाला. "मंगळवार असेल. का बुधवार? आता कुठं आठवत बसू गं, घाल की आपली..."

आई हाक मारतेय, खाडेभाऊ दारात थांबलेत, अर्ज घेऊन लवकर ये म्हणते, आणि तारखेच्या रकान्यात मी अजून काहीच लिहिलं नाहीये.