चोवीस जणांचे मोजे

शाळिग्राम माणसाचा चेहरा आधी पाहत नाहीत. आधी पोटरी पाहतात. मग खिशातून टेप काढून ती मोजतात आणि आकडा पटला, तर नाव विचारतात.

मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. तिथे 'चालेल' या शब्दाला बंदी आहे. एखादी आई म्हणाली, "जरा मोठा होतोय, पण चालेल," की ते सदरा उचलून पुन्हा घडी घालतात.

"चालेल आमच्याकडे मिळत नाही. समोर मिळतं."

समोर त्यांच्या चुलतभावाचं दुकान आहे.

माझ्या मुलीच्या लग्नात ते अक्षता टाकून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मुलगा उत्तम. फक्त डावा मोजा जुना आहे आणि उजवा नवा. का, ते विचारून घ्या." मी विचारलं नाही. संसार ठीक चालला आहे. शाळिग्राम अजून अधूनमधून चौकशी करतात.

एकाहत्तर वर्षांचा, छप्पन्न किलोंचा हा गृहस्थ तरुणपणी रग्बी खेळत असे, हे सांगितल्यावर लोक माझ्याकडे पाहतात. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर मी एकवीस वर्षं काढली आहेत. खातरजमा केल्याशिवाय मी लिहीत नाही. ते खेळत होते. दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी एकमेकांना खांदे भिडवून रेटतात, त्यांच्या पायांतून आलेला चेंडू उचलून पळायचं, हे त्यांचं काम. नाक दोनदा मोडलं आहे.

तेव्हा यंदा पुण्यातल्या तीन क्लबांचा संयुक्त संघ श्रीलंकेत दोन सामने खेळायला निघाला, त्या वेळी कपडे सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे गेलं. पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्यांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला आणि त्याला दुकानातल्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं.

सराव पहाटे सहाला. शाळिग्राम पावणेसहाला मैदानाच्या कडेला टेप घेऊन उभे.

"काका, मोजा ढिला हाय," हडपसरचा संतोष म्हणाला. तो कर्णधार. वजन एकशे चार.

"मोजा होता तेवढाच आहे. आपण बारीक झालात. घरी कळवा."

एका सकाळी सराव संपल्यावर संतोषने सगळ्यांना बसवून एक कल्पना मांडली. संयुक्त संघांची जुनी रीत आहे: जर्सी सगळ्यांची एक, मोजे मात्र ज्याच्या त्याच्या क्लबचे. म्हणजे खेळताना आपण कुठून आलो तेही दिसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शाळिग्राम उठले. "वरून एक आणि खालून तीन? आपण संघ नेताय की वाळत घातलेले कपडे?"

"काका, इट्स ट्रॅडिशन," मागून कुणीतरी म्हणालं.

"असेल. मोजे पांढरे. चोवीस जोड सांगून झालेत."

पुढचे पंधरा दिवस संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध चाललं. एका बाजूने अंगठे आणि हसरे चेहरे, दुसऱ्या बाजूने 'सा. न. वि. वि.'ने सुरू होणारी आणि 'कळावे'ने संपणारी पत्रं. शेवटी मतदान झालं. शाळिग्रामांच्या बाजूने एक मत पडलं, ते त्यांचंच. निघायला चार दिवस असताना त्यांचं शेवटचं पत्र आलं: मोजे एकसारखे नसतील, तर त्यांच्या जागी दुसरा माणूस पाहावा. पासपोर्ट तूर्त कपाटात ठेवला आहे. कळावे.

"तुम्हीच जा," संतोष मला म्हणाला. "आमचं न्हाई ऐकायचे. आणि त्यांच्याशिवाय जायाला मला बरं वाटत न्हाई."

मी दुपारी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. शाळिग्राम आत चहा सांगायला गेले, तेव्हा काउंटरवरची यादी मी पाहिली. ही सवय जुनी आहे. चोवीस नावं, प्रत्येकापुढे पोटरीचं माप, क्लब, मोज्याचा रंग. अकराव्या नावापुढे माप होतं. क्लब आणि रंगाचे रकाने कोरे होते. नाव भरत.

भरत हिंजवडीत नोकरी करतो. तो ज्या कंपनीच्या संघातून खेळायचा, ती कंपनी गेल्या वर्षी गाशा गुंडाळून गेली आणि संघही गेला. निवड चाचणीला तो कुठल्याही क्लबशिवाय एकटाच आला होता आणि सगळ्यांत वेगात पळाला होता.

"तेवीस जण आपल्या घरचं घालून येतील," शाळिग्राम माझ्यामागून म्हणाले. "याने काय घालायचं?"

"त्याला विचारलं का?"

"विचारलं, तर चालेल म्हणेल."

  ते शिडीवर चढले आणि अगदी वरच्या फळीवरून एक खोका काढून आणला. आत मोज्यांची एक जोडी होती. गडद तांबडी, वर दोन पिवळे पट्टे.

"हा कुठला क्लब?"

"होता एक. मैदान गेलं, मग माणसं गेली. मी राहिलो."

"मग हे त्याला आधीच का नाही दिलेत?"

"बंद पडलेल्या क्लबचे मोजे तरण्या पोराला कसे द्यायचे? काय वाटेल त्याला."

मी मोजा हातात घेऊन ताणला. कापड जुनं होतं. इलॅस्टिक नवंकोरं होतं.

"हे कधी बदललंत?"

"मतदानाच्या आदल्या दिवशी," शाळिग्राम म्हणाले. "चहा घ्या, निवतोय."

शेवटच्या सरावाला प्रत्येक जण आपापल्या क्लबचे मोजे घालून आला. भरतला शाळिग्रामांनी बाजूला बोलावून खोका दिला. त्याने मोजे चढवले, दोनदा उड्या मारून पाहिल्या. माप अचूक बसलं होतं.

"काका, कुठला क्लब हा?"

"आमचा."

"किती मेंबर आहेत?"

शाळिग्रामांनी खाली वाकून त्याचे पट्टे सरळ केले.

"परवापर्यंत एक होता. आता दोन. जा, पळा. आणि मळवून आणा, गेली चाळीस वर्षं नुसते स्वच्छ राहिलेत."